दर रविवारी पकडला जाणारा चोर

मी एक जुना लाकडी बाहुला आहे, आणि धंद्याने चोर. घाबरू नका मित्रांनो, खिसे चाचपायची काही गरज नाही. माझे हातपाय दोऱ्यांना बांधलेले असतात आणि दोऱ्या दुसऱ्याच्या हातात असतात. तरीही सगळे मला इतकी वर्षं चोर म्हणत आले की मीसुद्धा स्वतःला चोरच म्हणायला लागलो. अलीकडे मात्र माझ्या डोक्यात, म्हणजे तिथे जे काही भरीव लाकूड आहे त्यात, भलताच गोंधळ उडाला आहे. सांगता सांगता तो थोडा सुटेल अशा आशेने ही हकीकत तुम्हाला सांगतो आहे. सुटेलच असं मात्र नाही.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. लाकडी जिना चढून वर गेलं की समोर बाकं, पलीकडे पडदा आणि पडद्यामागे आमचं बिऱ्हाड. तिथे बाहुल्यांचा खेळ करणारे एक गृहस्थ आहेत. ते माझे मालक. त्यांनी मला कोरायला घेतलं तेव्हा त्यांच्या मनात चोर नव्हताच. मी त्यांच्या नव्या नाटकाचा नायक होणार होतो. त्यांनी माझे डोळे मोठे कोरले, कपाळ रुंद ठेवलं, हनुवटी जराशी वर उचलली. कोपरांना आणि गुडघ्यांना कातड्याच्या पट्ट्या लावल्या. मग खळ आणि खडूची पूड यांचा हात दिला, त्यावर छान रंग चढवला आणि मला खिडकीत वाळत ठेवलं. दुपारी येऊन बघतात तर माझ्या डाव्या गालावर हा एवढा तपकिरी डाग!

माझ्या लाकडात गाठ होती. अशा गाठीत चिकट राळ असते. ऊन लागलं की ती पाझरते आणि वरून कितीही रंग द्या, तो फोडून बाहेर येते. मालकांनी डाग खरवडला, पुन्हा रंग दिला. डाग पुन्हा हजर. असं बऱ्याच वेळा झाल्यावर त्यांच्या नाकी नऊ आले. ते मालकीणबाईंना म्हणाले, "हा काही नायक व्हायचा नाही. असला गाल घेऊन नायक कुठे फिरतो का?"

मालकीणबाई आमचे कपडे शिवत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "मग चोर करा की. चोराला शोभेल."

झालं! एवढ्यावर माझं नशीब ठरलं. मालकांनी माझ्या भुवया जोडल्या आणि ओठांची टोकं खाली ओढली. उरलेल्या ओंडक्यातून त्यांनी दुसरा बाहुला कोरला आणि माझ्या मापाने शिवलेला निळा सदरा त्याला चढवला. त्याचं नाव धाकटा. एकाच लाकडातून निघालो, म्हणजे आम्ही सख्खे भाऊच. तो धुतल्या तांदळासारखा, आणि मी हा असा.

आता नाटकाची गोष्ट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. धाकटा हा घरातला सगळ्यात लहान मुलगा. तो गाठोडं घेऊन जग बघायला निघतो. पुलावर मी त्याला भेटतो, गोड गोड बोलतो आणि गाठोडं लंपास करतो. धाकटा रडत बसतो. तेव्हा एक पांढऱ्या दाढीचे आजोबा येतात आणि त्याला शहाणपण शिकवतात, "चेहरा वाच, माणूस ओळख!" हे वाक्य बाकांवरची सगळी मुलं आजोबांबरोबर ओरडत असत. पुढे धाकटा पुन्हा त्याच पुलावर येतो, मी वाटसरूच्या वेषात समोरून येतो, तो माझा गाल ओळखतो आणि मला पकडून देतो. मग त्याचे वडील त्याच्या हातात घराची किल्ली देतात आणि म्हणतात, "आता तू मोठा झालास." पडदा. टाळ्या. थोडक्यात काय, दर रविवारी धाकटा मोठा होई आणि मी पकडला जाई.

माझं कौतुक होत नसे असं नाही. मला पाहून मुलं किंचाळत, एकदा एका बाईंनी तर मला छत्री फेकून मारली. मालक म्हणत, "चोर रंगला की खेळ रंगतो." पण खेळ संपला की मुलं पडद्यामागे येऊन धाकट्याशी हात मिळवत आणि मला जीभ दाखवून पळत.

खेळ झाल्यावर दोऱ्यांचा गुंता होऊ नये म्हणून आम्हा प्रत्येकाला आपापल्या कापडी पिशवीत घालून खिळ्याला टांगत. इतरांच्या पिशव्या भिंतीशी एका ओळीत असत. माझी पिशवी दाराजवळ, एकटी. माझी राळ दुसऱ्यांच्या कपड्यांना चिकटते, असं कारण होतं. ते खरंही होतं. पण काही वर्षं दाराजवळ एकटं टांगून घेतल्यावर वाटायला लागतं की आपण खरोखरच दाराजवळ टांगण्याच्या लायकीचे असू.

मालकांची एकुलती एक मुलगी आहे. सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण ती लहानपणापासून सदा काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते. ती आमच्या नाटकावरच वाढली. आई-बाबा म्हणायला शिकली त्याच सुमारास 'चेहरा वाच' म्हणायलाही शिकली. आधी तिच्या हाती पाखरांच्या दोऱ्या आल्या, मग सशाच्या. अंगाने जरा उंच झाली तेव्हा मालकांनी तिला धाकटा चालवायला दिला. त्या दिवशी ती पायऱ्या उतरत नव्हती, उडत होती. मला मात्र ती फडक्याने धरून उचलायची. हात चिकट होतात म्हणायची.

पूर्वी आमच्याकडे संगीत म्हणजे मालकीणबाईंनी डब्यावर धरलेला ठेका. मग मालकांनी एक बासरीवाले ठेवले. वयाने मालकांपेक्षा थोडे मोठे, बोलायला कमी. पडद्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशा स्टुलावर ते बसायचे. त्यांच्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत काळपट जन्मखूण होती.

मित्रांनो, मी त्यांना दाराजवळच्या खिळ्यावरून, पिशवीच्या फटीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काय वाटलं असेल? मला वाटलं, अरे वा, हा तर आपल्याच धंद्यातला दिसतो! याच्यापासून सांभाळून राहायला हवं. ज्याने आयुष्यभर गालापायी शिव्या खाल्ल्या, त्याच्याच मनात दुसऱ्याचा गाल पाहून हे आलं. हे कसं झालं, मला अजून उमगलेलं नाही.

मुंगीचंही तसंच झालं. त्यांच्यासमोरून जाताना ती भिंतीला घासून जायची. पहिल्या बाकावरची मुलं हळूहळू दुसऱ्या टोकाला सरकली. बासरीवाल्यांच्या ते लक्षात येत असणार, पण त्यांनी तक्रार केली नाही. उलट त्यांनी एक गोष्ट केली. मी पुलावर येताना डब्यावर नुसता धडाम असा आवाज व्हायचा, तिथे त्यांनी माझ्यासाठी एक चाल बसवली. हळू, खालच्या सुरातली, थोडी उदास. मालक म्हणाले, "अहो, चोराला इतकी चांगली चाल कशाला?" बासरीवाले म्हणाले, "तोही कुठूनतरी चालत आला असेलच ना." मालक हसले आणि चाल राहिली.

एका रविवारी खेळानंतर धाकट्याच्या पिशवीवर चहा सांडला. मालकीणबाईंनी ती धुवायला नेली. मुंगी आवराआवर करत होती आणि खाली मैत्रीण हाका मारत होती. "आले गं, आले!" म्हणत तिने धाकट्याला उचललं आणि हाताशी आली ती पिशवी उघडून त्यात घातलं. ती दाराजवळची पिशवी होती. माझी. नंतर बदलू असं तिच्या मनात असेल. मग ती खाली पळाली आणि साफ विसरली.

अशा रीतीने नायक आठवडाभर माझ्याजवळ राहिला. गालाला गाल लावून. आम्ही दोघं कोरले गेल्यापासून इतके जवळ कधीच आलो नव्हतो. मला आनंद झाला, थोडी भीतीही वाटली. त्याच्या निळ्या सदऱ्याला धुतल्या कापडाचा वास येत होता. तो सदरा माझ्या मापाचा होता, हे मी विसरलो नव्हतो.

पुढच्या रविवारी बाकं भरली. मालकांनी धाकट्याची धुतलेली पिशवी खिळ्यावरून काढली, तर ती रिकामी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मुंगीने भराभर सगळ्या पिशव्या उघडल्या. आजोबा मिळाले, ससा मिळाला, पाखरं मिळाली. माझ्या पिशवीपाशी येऊन ती थांबली आणि म्हणाली, "यात चोरच आहे." हात चिकट होतील म्हणून तिने ती उघडली नाही. ती फुगलेली होती, पण माझ्याकडे नीट बघायची कुणाला सवयच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते हेच. बाकांखाली शोधलं, पडद्यामागे शोधलं, सायकलवाल्याच्या दुकानातही जाऊन आले.

प्रेक्षक चुळबुळ करू लागले. तेवढ्यात मुंगीचं लक्ष स्टुलाकडे गेलं आणि ती एकदम ओरडली, "काकांनी नेला! मी बघितलंय! परवा ते एकटेच वर आले होते आणि कोटात काहीतरी लपवून खाली गेले!"

बासरीवाले उठून उभे राहिले. म्हणाले, "बासरी होती, बाळ. इथे विसरली होती, ती न्यायला आलो होतो."

ती खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. तिने त्यांना खरंच पाहिलं होतं, कोटाखाली लांबट काहीतरी होतंही. बाकी सगळं तिच्या मनाने भरून घेतलं, आणि मन तर आमच्या नाटकाने भरलेलं. मागच्या बाकावरून कुणीतरी पोरगा ओरडला, "चेहरा वाच!" आणि सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "माणूस ओळख!" दर रविवारी म्हणत तसंच, हसत हसत. त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला.

बासरीवाल्यांनी मालकांकडे पाहिलं. मालक गडबडले. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून की काय, ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही सध्या घरी जा. आपण बघू नंतर." बासरीवाल्यांनी बासरी कोटाच्या आत ठेवली आणि ते माझ्या पिशवीला खांदा घासत दारातून बाहेर पडले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. पण इथे चोर कोण होता? मी पिशवीत बसून विचार करत होतो. नायक हरवला आहे आणि तो माझ्याजवळ सापडणार आहे. म्हणजे मीच नेला की काय? माझे हात काही हललेले मला आठवत नव्हते. पण दर रविवारी मी चोरतो तेव्हा तरी हात कुठे माझ्या मनाने हलतात? सगळे म्हणतात मी चोर, चोरीचा माल माझ्या पिशवीत, मग उरलं काय? चोराच्या मनात चांदणं, तशी माझी अवस्था. काही न करता मला लाज वाटत होती.

खेळ बंद पडला. काही दिवसांनी मालकांनी नवा धाकटा कोरायला ओंडका आणला. माप घ्यायला जुना धाकटा नव्हता, पण त्याच्या मापाचा मी होतो. ते म्हणाले, "मुंगे, तो चोर घेऊन ये बघू."

मुंगी फडकं घेऊन आली. पिशवीचा बंद सोडला आणि मला ओढलं. माझ्याबरोबर धाकटाही बाहेर आला. राळेने आमचे गाल एकमेकांना चिकटले होते. तिने आम्हाला ओढून वेगळं केलं तेव्हा फट् असा आवाज झाला, आणि धाकट्याच्या गोऱ्या गालावर माझ्यासारखाच तपकिरी डाग उमटलेला दिसला.

ती जिथल्या तिथे खाली बसली. तिला सगळं आठवलं होतं, मैत्रिणीची हाकसुद्धा. तिने थुंकी लावून डाग पुसला, फ्रॉकच्या टोकाने घासला. तो आणखी पसरला. आतून मालकांनी विचारलं, "सापडला का गं चोर?" तिने "हो बाबा" म्हटलं, धाकट्याला पडद्यामागच्या खोक्यात कोंबलं आणि मला एकट्याला घेऊन गेली.

पुढचे काही दिवस ती मुंगी राहिलीच नाही. काही उचलेना, काही ठेवेना. मालकीणबाई म्हणाल्या, "पोरीला नजर लागली की पोट बिघडलंय?" मालक म्हणाले, "धाकटा गेला म्हणून झुरतेय. नवा झाला की हसेल." नवा हळूहळू होत होता आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

एका दुपारी घरात कुणी नसताना तिने आम्हा दोघांना बाकावर शेजारी बसवलं. कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझा काळा डगला काढून धाकट्याला घातला आणि त्याचा निळा सदरा मला चढवला. पहिल्यांदाच तिने मला फडक्याशिवाय धरलं होतं. सदरा अगदी अंगचा बसला. काळ्या डगल्यातला धाकटा, गालावर डाग, असा काही दिसत होता की मीच दचकलो. तिने दोघांना पुन्हा जवळ ठेवलं, डोळे मिटले, उघडले आणि आपल्याशीच म्हणाली, "आता यातला चोर कोणता?"

मला खरंच सांगता आलं नसतं. निळ्या सदऱ्यात मला नायक झाल्यासारखं वाटलं का? तेही नाही. कपडे बदलले तर मी बदलतो, डाग लागला तर धाकटा बदलतो, मग आमच्यात आमचं असं काय आहे? माझं डोकं गरगरू लागलं. तिचंही गरगरत असावं, कारण ती रडायला लागली. मग तिने डोळे पुसले, आम्हा दोघांना पिशवीत घातलं आणि जिना उतरली.

बासरीवाले एका बेकरीत काम करतात, एवढंच तिला माहीत होतं. बेकरीच्या मागच्या पायरीवर एक माणूस पिठाने माखलेला, चहा पीत बसला होता. मुंगी त्याच्या समोरून आत गेली, तशीच बाहेर आली, इकडेतिकडे बघू लागली. तेव्हा तो माणूस म्हणाला, "मुंगे, कुणाला शोधतेस?"

ती दचकून मागे सरली. पिठाखाली ती खूण दिसतच नव्हती. "काका? मी... मी ओळखलंच नाही तुम्हाला."

"पीठ आहे. धुतलं की येतो मी परत." ते म्हणाले. हसले की नाही, ते मला पिशवीच्या फटीतून कळलं नाही.

तिने धाकट्याला बाहेर काढलं. तो अजून माझ्याच डगल्यात होता. "चोराच्या पिशवीत होता, काका. मीच घातला होता. विसरले होते. तुम्ही नव्हता नेला."

त्यांनी कप खाली ठेवला. धाकट्याच्या गालावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पण हे तू मला का सांगतेस? मी नेला नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

मुंगीने धाकट्याला मागे घेऊन छातीशी धरलं.

"ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग," ते म्हणाले. "परवा भाजी घ्यायला गेलो तर बाईने आपली पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. पूर्वीही लोक बघायचे गं, त्याची सवय आहे मला. पण आता त्यांच्याकडे कारण आहे, आणि ते तू दिलेलं आहेस." आवाज चढला नव्हता. उठून ते आत गेले, पिठाच्या पोत्यांकडे.

घरी येऊन तिने मालकांना सगळं सांगितलं. मालकांनी कपाळाला हात लावला. "अगं, मग असं करू, मी त्यांना जाऊन भेटतो, माफी मागतो, परत बोलावतो. झालं गेलं विसरायचं. लोकांना कशाला कळायला हवं? उद्या म्हणतील, यांच्या घरचीच पोरगी लोकांवर आळ घेते. कोण येईल खेळाला?"

"बाबा, मी हळू आवाजात म्हटलं होतं का, काकांनी नेला म्हणून?"

मालकीणबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "जिथे सांडलं तिथेच पुसावं लागतं हो."

रविवारी खेळाची पाटी लागली. धाकटा सापडला ही बातमी पसरली होती, त्यामुळे गर्दी झाली. नवा बाहुला अर्धाच कोरलेला राहिला होता. मालकांनी धाकट्याच्या गालावर रंग दिला होता, पण डाग वर आलाच. नाटक सुरू झालं. मी गाठोडं पळवलं, धाकटा रडला, आजोबा आले. मुलांनी ओरडण्यासाठी छाती भरून श्वास घेतला. आणि "चेहरा वाच" म्हणायच्या आधीच मुंगीने धाकट्याच्या दोऱ्या खाली ठेवल्या आणि ती मला हाताने उचलून पडद्याच्या पुढे आली.

बाहुल्या चालवणारी व्यक्ती कधी पुढे येत नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. मुलं गोंधळली. मीही. तिने मला घट्ट धरलं होतं, तरी माझे पाय एकमेकांवर आपटून टकटक वाजत होते.

"त्या दिवशी मी म्हटलं, बासरीवाल्या काकांनी धाकटा नेला," ती म्हणाली. "तसं नव्हतं. तो मीच भलत्या पिशवीत ठेवला होता आणि विसरले. काकांनी काहीच केलं नव्हतं. मी त्यांचा गाल बघून म्हटलं." शेवटचं वाक्य इतकं बारीक आलं की मागच्यांनी "काय? काय?" केलं. मग तिने ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

माझं तोंड दाराकडे होतं, म्हणून मला दिसलं. बासरीवाले जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. तोंड स्वच्छ धुतलेलं. पहिलं ऐकल्यावर ते हलले नाहीत. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि ते निघून गेले.

"मग चोर कोण आहे?" मागच्या बाकावरच्या त्या पोराने विचारलं.

"माहीत नाही," मुंगी म्हणाली. आणि रडू आवरत पडद्यामागे गेली. त्या दिवशी नाटक पूर्ण झालंच नाही. काही लोक कुरकुरत गेले, एका आजींनी मात्र मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मालक म्हणाले होते तसं थोडं झालं. बरेच रविवार बाकं अर्धी रिकामी राहिली. एके दिवशी बासरीवाले स्वतःच आले, स्टूल पुसून बसले आणि मालकांनी मागितलेली माफी मान हलवून घेतली. मुंगीशी मात्र ते कितीतरी दिवस बोलले नाहीत. मग एकदा म्हणाले, "मुंगे, जरा दोरा दे गं, बासरीला तडा गेलाय." ती धावत गेली आणि अख्खं रीळ घेऊन आली.

पण नाटकाचं काय करायचं? सगळे मिळून वाद घालत. मालक म्हणायचे, "चोराला पकडलं नाही तर धाकटा मोठा होणार कसा?" तेव्हा मुंगीने विचारलं, "बाबा, दुसऱ्यांदा पुलावर येतो तो चोरच, हे धाकट्याला कशावरून कळतं?"

मालकांनी विचार केला. "नुसत्या गालावरून. गाठोडं तर तेव्हा त्याच्याकडे नसतंच."

"मग तेवढ्यावर त्याला का पकडतात?"

मालकांनी मला उचलून माझा गाल निरखला. मालकीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, लिहिलंय तुम्हीच."

शेवटी नाटक बदललं. आता धाकट्याचं गाठोडं त्याच्याच हातून नदीत पडतं. तो मला पुलावर पाहून चोर चोर म्हणून ओरडतो, लोक मला धरतात, माझं गाठोडं उघडतात, तर त्यात माझाच एक जुना सदरा. मग धाकट्याला सगळ्यांसमोर तो घडी घालून परत द्यावा लागतो. किल्ली त्याला त्यानंतर मिळते. आमच्या दोघांच्याही गालांवर आता डाग आहे आणि मालकांनी तो रंगवायचं सोडून दिलं आहे. माझी पिशवीही भिंतीकडे गेली. मधे एक जुनं फडकं लावतात, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग आता तक्रार कसली? तक्रार नाही मित्रांनो, पण मला माझंच कळेनासं झालं आहे. चोर होतो तेव्हा निदान एक काम होतं. आता मी पुलावरून जातो आणि बासरी माझी चाल वाजवते, पण मी कोण? वाटसरू? विणकर? कुणाचा मामा? मालकांनी कितीदा ठरवलं आणि कितीदा खोडलं. कधीकधी मला जुना "चोर, चोर!" चा गलका आठवतो आणि त्याचीच चुटपुट लागते, इतकी वेडी सवय असते.

परवाच्या खेळात मी असाच पुलावर उभा होतो. पहिल्या बाकावरून, पुढचे दात पडलेली एक छोटी मुलगी उठली आणि थेट माझ्यासमोर आली. तिने माझा गाल पाहिला, डोळे पाहिले, आणि विचारलं, "तू कोण?"

माझा आवाज काढणाऱ्या मालकांकडे त्याचं उत्तर नव्हतं. मुंगीने दोऱ्या हलवल्या नाहीत. बासरीही थांबली. मी कोण हे मला आजवर कितीतरी जणांनी सांगितलं होतं, ओरडून सांगितलं होतं, छत्री मारून सांगितलं होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं. आणि ती मुलगी उत्तर मिळेपर्यंत जागेवर जाणार नव्हती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या लाकडी लोकांना अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, दमटात ठेवू नका, दोऱ्या सोडवून ठेवा. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कुणी नवं आलं, तर त्याला आधी "तू कोण?" एवढंच विचारा आणि त्या मुलीसारखे थोडा वेळ समोर उभे राहा. उत्तराला वेळ लागतो. मला तर अजून लागतोच आहे.